पुसून काढलेले रोम

रोम शहराच्या मधून टायबर नदी वाहते. परंतु रस्त्याने चालणाऱ्या माणसाला ती सहजासहजी दिसत नाही. काठाकाठाने चिनाराच्या जातीच्या वृक्षांच्या रांगा, वृक्षांपलीकडे दगडी कठडा, आणि कठड्यावरून वाकून पाहिले म्हणजे सरळ खाली तुटत गेलेली सुमारे बारा मीटर उंचीची भिंत व तिच्या तळाशी वाहणारे मातकट हिरवे पाणी, असे तिचे आजचे रूप आहे. ही भिंत प्राचीन नव्हे. १८७० सालच्या सप्टेंबर महिन्यात इटलीच्या राजाच्या सैन्याने पोपच्या अंमलाखालचे रोम घेतले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरअखेरीस टायबरला असा काही महापूर आला की शहराचा सारा सखल भाग पाण्याखाली गेला. नव्या राज्यसंस्थेच्या कर्तृत्वाची ही पहिलीच परीक्षा होती. नदीला दोन्ही अंगांनी तट घालून कायमची जखडून टाकावी असे ठरले, १८७६ साली काम सुरू झाले आणि ते पुरे होईपर्यंत १९२६ साल उजाडले. पूर थांबले, पण पायऱ्यापायऱ्यांनी पाण्यात उतरणारा रिपेत्ताचा देखणा धक्का आणि नदीला बिलगून उभी असलेली जुनी घरे नामशेष झाली, व शहर आणि नदी यांचा शेकडो वर्षांचा शेजार तुटला.

या भिंतीला ट्रॅव्हर्टीन नावाचा जो दगड लावला आहे तो तिवोलीच्या परिसरातला, म्हणजे ज्या दगडाने कलोसियम उभे राहिले त्याच कुळातला आहे. खाणीतून निघतो तेव्हा तो दुधाळ, किंचित पिवळसर असतो. परंतु शंभर वर्षांत मोटारींचा धूर, नदीचा दमटपणा, शेवाळ, दगडफूल आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूक्ष्म जीव यांची पुटावर पुटे चढून भिंतीचा मूळ वर्ण झाकला गेला आणि तिच्या अंगावर एक काळपट, करडी साय धरली. नगरपालिकेच्या दृष्टीने हा मळ होता. एका चित्रकाराच्या दृष्टीने मात्र तो रंग होता, आणि तोही असा की जो शहराने स्वतःच्या श्वासोच्छ्वासातून शंभर वर्षे तयार करून ठेवला होता.

पोंते सिस्तो आणि पोंते मॅझिनी या दोन पुलांमध्ये टायबर अर्धा किलोमीटरभर सरळ रेषेत वाहते. पहिला पूल पंधराव्या शतकात चौथ्या सिक्स्टस पोपने बांधविला. दुसऱ्याला जोसेफ मॅझिनीचे नाव दिलेले आहे, ज्याच्या आत्मचरित्राचे सावरकरांनी केलेले भाषांतर १९०७ साली प्रसिद्ध झाल्यापासून महाराष्ट्राला तो परका राहिलेला नाही. एका टोकाला धर्मसत्ता आणि दुसऱ्या टोकाला तिचा अंमल उखडून प्रजासत्ताक मांडू पाहणारा क्रांतिकारक, अशा या दोन पुलांमधल्या उजव्या काठाच्या भिंतीवर, २०१६ सालच्या एप्रिल महिन्याच्या २१ तारखेस, म्हणजे परंपरेप्रमाणे रोम नगरीच्या स्थापनादिनी, दक्षिण आफ्रिकेतील चित्रकार विल्यम केंट्रिज याने निर्मिलेली एक प्रचंड मिरवणूक लोकांसमोर प्रकट झाली. ‘जयोत्सव आणि विलाप’ असा तिच्या नावाचा अर्थ. लांबी सुमारे पाचशे मीटर; आकृती ऐंशींहून अधिक; आणि त्यांतल्या काही तीन मजली घराएवढ्या उंच. रोममध्ये भव्य शिल्पपट्टांची वाण कधीच नव्हती. परंतु या पट्टासाठी एक टिकलीभर रंगही वापरलेला नाही.

त्याची कृती थोडक्यात अशी. केंट्रिजने प्रथम कोळशाने व शाईने लहान चित्रे काढली. ती मोठी करून त्यांचे प्रचंड साचे कापण्यात आले. हे साचे दोरांनी भिंतीवर टांगले आणि त्यांच्या सभोवारची भिंत पाण्याच्या जोरदार झोताने धुऊन काढली. साच्याच्या आडोशाला असलेला मळ तसाच राहिला, भोवतालचा दगड उजळला आणि साचा उचलताच मागे राहिलेल्या काळोख्या मळाची आकृती पांढऱ्या दगडावर उभी राहिली. मराठीत आपण चित्र ‘काढतो’ आणि मळही पुसून ‘काढतो’. एकाच क्रियापदात सामावलेल्या या दोन क्रिया येथे खरोखरच एक झाल्या आहेत. दगडाला ओरखडा नाही, रसायन नाही, चुना-गिलावा नाही. ही पद्धत या भिंतीवर प्रथम क्रिस्टिन जोन्स या अमेरिकन कलावतीने वापरली होती; २००५ साली तिने याच ठिकाणी रोमची कुलदेवताच म्हणावी अशा लांडगिणीच्या विशाल आकृती धुऊन काढल्या होत्या, आणि केंट्रिजला या भिंतीपाशी आणून उभे करणारीही तीच. तिने स्थापन केलेल्या ‘तेवेरेतेर्नो’ या संस्थेच्या नावात टायबर आणि शाश्वत हे दोन इटालियन शब्द एकमेकांत मिसळलेले आहेत. या कामाच्या मंजुरीसाठी तिला वर्षानुवर्षे सरकारी दफ्तरांचे उंबरठे झिजवावे लागले. भिंत धुण्याची परवानगी मिळण्यास भिंत धुण्यापेक्षा कितीतरी अधिक काळ लागला.

पुसून चित्र काढण्याची ही रीत केंट्रिजला आयत्या वेळी सुचलेली नव्हती. त्याचा सारा हातच तसा घडलेला आहे. १९५५ साली जोहान्सबर्ग येथे एका ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. वडील सिडनी केंट्रिज हे नामांकित वकील. नेल्सन मंडेला व त्यांचे सहकारी यांच्यावर वर्णद्वेषी राजवटीने भरलेल्या देशद्रोहाच्या खटल्यात ते बचावपक्षाच्या बाजूने उभे होते, आणि पुढे १९७७ साली वर्णद्वेषविरोधी चळवळीचा पुढारी स्टीव्ह बिको पोलिसांच्या कोठडीत मरण पावला तेव्हा त्या मृत्यूच्या चौकशीत त्याच्या कुटुंबाची बाजूही त्यांनीच मांडली. अशा घरात वाढलेल्या मुलाला पुराव्याचे आणि पुरावा नाहीसा करण्याचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. १९८९ पासून केंट्रिजने जे चलच्चित्रपट केले त्यांत तो एकाच कागदावर कोळशाने चित्र काढतो, त्याचे छायाचित्र घेतो, चित्राचा थोडा भाग पुसतो, पुन्हा काढतो, पुन्हा छायाचित्र घेतो. कोळसा कितीही पुसला तरी कागदावर त्याची करडी सावली उरते. त्यामुळे माणूस एक पाऊल पुढे गेला तरी त्याच्या मागच्या पावलाचे भूत कागदावर रेंगाळत राहते. ज्या देशात माणसे, वस्त्या, नावे पुसून टाकणे हाच राज्यकारभार होता, त्या देशातल्या चित्रकाराने पुसण्याच्या क्रियेलाच साक्षीला बोलवावे, यात मला त्याच्या कलेचे मर्म दिसते.

रोमलाही पुसण्याची विद्या चांगली अवगत होती. फोरम या प्राचीन रोमच्या मुख्य चौकाच्या एका टोकाला सेप्टिमियस सिव्हेरस या सम्राटाची विजयकमान आहे. इसवी सन २०३ मध्ये ती उभी राहिली तेव्हा तिच्या लेखात सम्राटाबरोबर कॅराकॅला आणि गेटा या त्याच्या दोन्ही पुत्रांची नावे होती. पित्याच्या मृत्यूनंतर वर्ष उलटण्यापूर्वीच, २११ साली, कॅराकॅलाने धाकट्या भावाचा खून करविला आणि साम्राज्यभर हुकूम सोडला की गेटाचे नाव आणि चेहरा जेथे जेथे असेल तेथून तो खरवडून काढावा. कमानीवरचे त्याचे नाव काढून त्या जागी बापलेकांच्या गौरवाची नवी विशेषणे बसविण्यात आली. तथापि ब्राँझची अक्षरे ज्या भोकांत बसविली होती ती भोके दगडात राहिली, आणि आज अठराशे वर्षांनी अभ्यासक त्या भोकांवरूनच गेटाचे नाव वाचतात. सम्राटाने विसरायला लावण्यासाठी जे केले त्याचाच पुढे दाखला झाला.

पूर्वजांचे कीर्तिशिल्प आपल्या नावावर रुजू करून घेण्याचाही शिरस्ता होता. कॉन्स्टंटाइनची कमान इसवी सन ३१५ मधली. परंतु तिच्यावरील कितीतरी शिल्पे ट्रेजन, हेड्रियन आणि मार्कस ऑरेलियस यांच्या स्मारकांतून उचलून आणलेली आहेत, आणि त्यांतील जुन्या सम्राटांचे चेहरे तासून त्यांना नव्या धन्याचे चेहरे देण्यात आले. ट्रेजनच्या स्तंभाच्या माथ्यावरचा त्याचा स्वतःचा पुतळा तर केव्हाच नाहीसा झाला. १५८७ साली पाचव्या सिक्स्टस पोपने त्या जागी संत पीटरला उभे केले. म्हणजे भग्नावशेषांकडे नव्या दृष्टीने पाहणे ही आजच्या कलावंतांची नवलाई नव्हे. फरक आहे तो हेतूचा. सम्राटांनी व पोपांनी जुना दगड घेतला तो त्याची जुनी सत्ता आपल्या अंगावर पांघरण्यासाठी.

केंट्रिजच्या मिरवणुकीच्या नावातला जयोत्सव म्हणजे रोमन सेनापतीची विजययात्रा. मुलूख जिंकून आलेल्या सेनापतीला सिनेटने अनुमती दिली म्हणजे तो जरीकाम केलेला जांभळा झगा पांघरून चार घोड्यांच्या रथात उभा राही. पुढे लुटीचे गाडे, जिंकलेल्या शहरांचे चित्रफलक, साखळदंडांनी जखडलेले राजे आणि त्यांची मुलेबाळे. मागे गाणी म्हणत चालणारे सैनिक. आणि शेवटी कॅपिटोलिन टेकडीवर ज्यूपिटरच्या मंदिरापाशी बळी. गॉल लोकांचा पुढारी व्हर्सिंजेटोरिक्स याला सहा वर्षे कैदेत जिवंत ठेवले ते सीझरच्या इसवी सन पूर्व ४६ मधल्या मिरवणुकीत दाखविण्यासाठी. मिरवणूक झाली आणि त्याला ठार करण्यात आले. रस्त्याच्या कडेला उभे राहून फुले उधळणाऱ्याला ही एक मिरवणूक दिसे आणि साखळीत चालणाऱ्याला दुसरीच. चालण्याची वाट मात्र तीच.

या दुहेरीपणाची सर्वांत ठसठशीत साक्ष म्हणजे टायटसची कमान. इसवी सन ७० मध्ये टायटसने जेरुसलेम उद्ध्वस्त केले आणि तेथील महामंदिर जाळले. कमानीच्या आतल्या अंगावर त्या लुटीची मिरवणूक कोरलेली आहे: सैनिक खांद्यावर वल्ह्यांसारखे दांडे घेऊन चालले आहेत आणि त्यांच्या डोक्यांवर सात फांद्यांची सोन्याची समई तोल सावरीत पुढे निघाली आहे. रोमच्या दृष्टीने हा जय होता. रोममध्येच राहणाऱ्या ज्यूंच्या दृष्टीने तो आपल्या मंदिराच्या अंत्ययात्रेचा देखावा होता, आणि म्हणून त्या कमानीखालून जायचे नाही असा निर्बंध त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला. इझ्राएलच्या स्थापनेच्या वेळी मात्र ते तिच्याखालून उलट दिशेने चालत गेल्याचे सांगतात. आपल्याकडे मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाने याच्याशी नाते सांगणारा अनुभव घेतलेला आहे. पंचम जॉर्ज बादशहाच्या आगमनाच्या स्मरणार्थ बांधलेल्या त्या विजयकमानीतून १९४८ सालच्या फेब्रुवारी महिन्यात ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी समुद्राकडे चालत गेली. कमानी आत येणाऱ्यांसाठी बांधतात; त्यांतून बाहेरही जाता येते याचा विचार बांधणाऱ्यांनी केलेला नसतो.

टायटसच्या सैनिकांची ती समई केंट्रिजच्या भिंतीवरही आहे. ज्यू कुळातल्या चित्रकाराने ती रोममध्ये पुन्हा काढावी, आणि तीही ज्या नदीच्या काठी १५५५ साली चौथ्या पॉल पोपच्या फर्मानाने ज्यूंना कोंडवाड्यासारख्या वस्तीत डांबले होते त्याच नदीच्या भिंतीवर, याला एक वेगळे वजन आहे. परंतु तो तेथे थांबत नाही. ट्रेजनच्या स्तंभावरून त्याने विजयादेवी घेतली आहे. तो स्तंभ इसवी सन ११३ मधला. त्याच्याभोवती फेरे घेत चढणारा सुमारे दोनशे मीटर लांबीचा शिल्पपट्ट डेशिया या देशावरील ट्रेजनच्या दोन मोहिमांची हकिकत सांगतो. अडीच हजारांहून अधिक आकृतींच्या त्या गर्दीत ट्रेजन पन्नासहून अधिक वेळा भेटतो, आणि वर अगदी टोकाशी एका झाडाखाली गुडघे टेकून स्वतःचा गळा कापून घेणारा डेशियाचा राजा डिसेबॅलस भेटतो. दोन मोहिमांच्या मध्यभागी पंखांची विजयादेवी उभी आहे. ती ढालीवर काही लिहीत आहे. टायबरच्या भिंतीवर हीच देवी पुन्हा पुन्हा येते, आणि प्रत्येक वेळी ती अधिकाधिक ढासळत जाते: प्रथम अखंड, मग भेगाळलेली, मग तुकड्यातुकड्यांत विखुरलेली. भग्नावशेष हा एरवी आपल्याला घडून गेलेला, थंड झालेला दिसतो. येथे भंगणे ही चालू असलेली क्रिया म्हणून दिसते. ही देवीच मला साऱ्या मिरवणुकीचे केंद्र वाटते.

तिच्याप्रमाणेच लांडगीणही. रोम्युलस आणि रीमस या बाळांना दूध पाजणारी ती धष्टपुष्ट माता येथे हाडांचा सापळा होऊन आली आहे. रोम्युलसने नगर वसविले हे जगाला ठाऊक; त्याने ज्या भावाला मारून ते वसविले त्या रीमसचे प्रेत भिंतीवर पडलेले आहे. घोड्यावरचा मार्कस ऑरेलियसही आहे. प्राचीन रोमच्या ब्राँझच्या अश्वारूढ पुतळ्यांपैकी तो जवळजवळ एकटाच वाचला, आणि वाचला तो गैरसमजाने: मध्ययुगात लोक त्याला ख्रिस्ती धर्माचा आश्रयदाता कॉन्स्टंटाइन समजत राहिले म्हणून त्याला कोणी वितळविले नाही. जगभरातल्या राजेरजवाड्यांच्या घोड्यावरच्या पुतळ्यांचा तो मूळपुरुष होय. मुंबईत ज्याच्यावरून ‘काळा घोडा’ हे नाव पडले तो सातव्या एडवर्डचा पुतळाही त्याच वंशातला. १९६५ साली स्वार आणि घोडा दोघेही राणीच्या बागेत रवाना झाले. नाव मात्र घोड्याचेच उरले, आणि २०१७ साली त्या परिसरात पुन्हा एक घोडा बसविण्यात आला तेव्हा त्याच्या पाठीवर कोणी स्वार नव्हता.

मिरवणूक प्राचीन काळातच अडकून पडली असती तर ती विद्वत्तेचे प्रदर्शन झाली असती. परंतु सम्राटांच्या पाठोपाठ, कालक्रमाची पर्वा न करता, आपल्या शतकांतली माणसे येतात. १९७५ साली ओस्तियाजवळ ज्याची हत्या झाली तो कवी आणि चित्रपटकार पासोलिनी जमिनीवर पडलेला आहे. १९७८ सालच्या मे महिन्यात एका मोटारीच्या मागच्या भागात ज्यांचा मृतदेह सापडला ते माजी पंतप्रधान आल्दो मोरो आहेत. नाझी अंमलातल्या रोमवरील चित्रपटात सैनिकांच्या गाडीमागे धावता धावता गोळी लागून कोसळणारी अभिनेत्री आन्ना मान्यानी येथेही कोसळते आहे. ‘ला दोल्चे व्हिता’ या १९६० सालच्या चित्रपटातील मास्त्रोयान्नी आणि आनिता एकबर्ग हेही आहेत. पण त्रेव्हीच्या त्या जगप्रसिद्ध कारंज्याऐवजी येथे ते घरगुती न्हाणीच्या टबात आहेत. आणि एक होडी आहे: लँपेदूझाच्या बेटाकडे निघालेल्या, माणसांनी भरलेल्या होड्यांपैकी एक. २०१३ सालच्या ऑक्टोबरात त्या बेटानजीक एकाच बोटीच्या अपघातात साडेतीनशेहून अधिक स्थलांतरित बुडून मेले होते. ज्या समुद्राला रोमन लोक ‘आमचा समुद्र’ म्हणत त्याच समुद्रात.

या गर्दीत एके ठिकाणी केवळ अक्षरे आहेत. ‘जे मला आठवत नाही’ एवढाच त्या इटालियन शब्दांचा अर्थ. साऱ्या इतिहासाची मिरवणूक काढणाऱ्याने, जे आपल्या हातून सुटले त्याच्यासाठीही मिरवणुकीत जागा राखून ठेवावी, हा प्रामाणिकपणा सम्राटांच्या एकाही स्तंभावर आढळत नाही.

रोमच्या अवशेषांना सत्तेच्या चाकरीस लावण्याचा अलीकडचा मोठा प्रयोग मुसोलिनीचा. १९३२ सालच्या ऑक्टोबरात त्याने व्हेनेझिया चौकापासून कलोसियमपर्यंत साम्राज्याचा राजमार्ग खुला केला; त्यासाठी मधली दाट, जुनी वस्ती पाडून तेथील कुटुंबे शहराच्या कडेला हलविण्यात आली, आणि जे फोरम उकरून मोकळे केले म्हणून डंका पिटला त्यांचाच मोठा भाग रस्त्याखाली पुरला गेला. १९३४ साली त्याच रस्त्यावर मॅक्सेंशियसच्या भग्न सभागृहाच्या भिंतीवर संगमरवरी नकाशे लावले: पहिल्यात रोम एक पांढरा ठिपका, चौथ्यात ट्रेजनच्या काळचे अफाट साम्राज्य. इथिओपिया घेतल्यावर पाचवा नकाशा लागला, तो मुसोलिनीच्या नव्या साम्राज्याचा. त्याच इथिओपियातून अक्सुम येथील प्रचंड पाषाणस्तंभ उचलून १९३७ साली रोममध्ये उभारला, जसा पूर्वी सम्राटांनी इजिप्तचे स्तंभ आणून उभारले होते. पाचवा नकाशा युद्धानंतर उतरला. स्तंभ मात्र परत जाण्यास २००५ साल उजाडावे लागले. केंट्रिजच्या मिरवणुकीकडे पाहताना ही दुसरी, सरकारी मिरवणूक ध्यानात ठेवली पाहिजे. तिचा रस्ता नदीपासून फार दूर नाही.

रोमच्या भग्नतेवर काम करणारा केंट्रिज एकटा नव्हे. साय ट्वाँबली या अमेरिकन चित्रकाराने १९५७ पासून रोमला घर केले आणि १९६३ साली कॉमोडस या क्रूर सम्राटावर नऊ चित्रांची मालिका रंगविली. करड्या पार्श्वभूमीवर रक्तामांसाचे ओघळ असावेत तसे तिचे रंग आहेत. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये ती मांडली तेव्हा टीकाकारांनी ती झिडकारली; आज ती बिल्बाओच्या गुगेनहाइम संग्रहालयाची शोभा आहे. पिस्तोलेत्तो या इटालियन कलावंताने १९६७ साली अभिजात व्हीनसला जुन्या चिंध्यांच्या ढिगाकडे तोंड करून उभे केले. आन व पात्रिक प्वारिए या फ्रेंच दांपत्याने सत्तरीच्या आरंभी ओस्तिया या प्राचीन बंदराच्या अवशेषांची भाजक्या मातीची भलीमोठी प्रतिकृती केली, ती अशी की ती खऱ्या शहराची म्हणावी की स्मृतीतल्या शहराची, हे कळू नये. फ्रान्चेस्को व्हेझोली हा कलावंत प्राचीन संगमरवरी मस्तकांना पुन्हा भडक रंग देतो. रोमन पुतळे मुळात रंगीत असत हे त्यामागील सत्य आहे, तरी त्या कामात मला धक्का अधिक आणि दुःख कमी दिसते. इगोर मितोराज या शिल्पकाराची पोंपेईच्या अवशेषांत २०१६ साली मांडलेली भग्न ब्राँझ शरीरे सुंदर आहेत. परंतु ती भग्नतेचे सौंदर्य वाढवितात, तिचे कारण विचारीत नाहीत.

कारण विचारण्याची सवय केंट्रिजने दक्षिण आफ्रिकेतून आणली असे मला वाटते. प्रिटोरियाची शासकीय इमारत बांधणाऱ्या हर्बर्ट बेकरनेच पुढे नवी दिल्लीची सचिवालये बांधली. स्तंभ आणि घुमट यांची ही साम्राज्याची भाषा दोन्ही देशांच्या परिचयाची आहे. प्रिटोरियाजवळच १९४९ साली पुरे झालेले गोऱ्या वसाहतकारांचे स्मारक आहे, आणि त्याच्या आत सत्तावीस फलकांचा, नव्वद मीटरांहून लांब असा संगमरवरी शिल्पपट्ट आहे. वर्णद्वेषी राजवट गादीवर आली त्याच सुमारास हा पट्ट इटलीत, फ्लॉरेन्समध्ये, इटालियन कारागिरांच्या हातून कोरून आणण्यात आला. जित आणि जेते यांची कथा जेत्याच्या बाजूने दगडात कशी सांगतात, याचा धडा त्या देशातल्या मुलाला रोमला न जाताही मिळत होता. केंट्रिजने रोमच्या आधी आणि नंतरही मिरवणुकाच काढल्या आहेत. १९९९ सालच्या छायाचित्रपटातील ओझी वाहणाऱ्या पांगळ्या सावल्या असोत, की पहिल्या महायुद्धात युरोपीय फौजांचे ओझे डोक्यावर वाहून मेलेल्या आफ्रिकी हमालांवरचा २०१८ सालचा रंगप्रयोग असो. त्याच्या मिरवणुकीत रथ क्वचितच असतो. ओझे मात्र नेहमी असते.

मांतेन्या या पंधराव्या शतकातल्या चित्रकाराने मांतुआच्या दरबारासाठी सीझरच्या विजययात्रेची नऊ भव्य चित्रे केली होती, आणि केंट्रिजने त्यांपासूनही बरेच घेतले आहे. १६२९ साली ती चित्रे इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सने विकत घेतली. राजाचा शिरच्छेद झाला, त्याचा कलासंग्रह लिलावात गेला, परंतु क्रॉमवेलने सीझरची ही मिरवणूक मात्र विकू दिली नाही. राजाला मारणाऱ्यालाही ती हवीशी वाटली. मिरवणुकीची ही भूल किती खोल आहे हे केंट्रिज जाणतो. म्हणून तो मिरवणूक मोडीत नाही, तिच्यातूनच चालत जातो.

उद्घाटनाच्या रात्री हे लोकांनी प्रत्यक्ष पाहिले. फिलिप मिलर आणि थुथुका सिबिसी यांनी रचलेल्या संगीतावर दोन जथे नदीकाठाच्या दोन टोकांनी निघाले, एक जयाचा आणि एक विलापाचा. इटालियन आणि आफ्रिकी सूर एकमेकांकडे सरकत आले. समोरून टाकलेल्या उजेडाने चालणाऱ्यांच्या, त्यांनी उचललेल्या वस्तूंच्या प्रचंड सावल्या भिंतीवरच्या मळाच्या आकृतींवर पडल्या आणि त्यांच्यातून पुढे गेल्या. पलीकडच्या तीरावरून पाहणाऱ्याला चित्र कोणते, सावली कोणती आणि माणूस कोणते, हे क्षणभर ओळखू येत नव्हते. मग दोन्ही जथे मधोमध भेटले.

ही भिंत जपून ठेवावी, तिच्यावर काही लेप द्यावा, असे कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. ते करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. चित्रकाराने आरंभापासूनच काही वर्षांचीच हयात गृहीत धरली होती, आणि तीही ज्या रीतीने संपते ती रीत पाहण्यासारखी आहे. साधारण चित्र जुने होते तेव्हा त्याचा रंग उडतो, आकृती फिकी होत जाते. येथे आकृती आहे तेथेच, आहे तशीच आहे. शंभर वर्षांचा मळ दगडाला घट्ट धरून बसला आहे. बदलतो तो तिच्या भोवतालचा धुतलेला दगड. मोटारींचा धूर पुन्हा बसतो, नदीची वाफ पुन्हा चढते, शेवाळ सांध्यांतून पुन्हा पसरते, आणि दर पावसाळ्यागणिक पांढरे आकाश आकृतीच्या रंगाच्या थोडे थोडे जवळ येते. विजयादेवीचे विखुरलेले तुकडे, सापळा झालेली लांडगीण, भावाच्या हातून मेलेला रीमस हे सारे भिंतीत अजूनही उभे आहेत. कमी कमी होत गेला आहे तो त्यांच्यामागचा उजेड.